सैल आकडा

पेन, घड्याळ, चष्मा, चहाचा कप यांतले तुमचे आवडते कोणते, असे कोणी विचारले तर घरातला प्रत्येक जण काही ना काही सांगेल. परंतु ‘तुमचा आवडता मोजायचा टेप कोणता?’ असे विचारले, तर घरात टेप आहे की नाही इथपासून शोध सुरू होईल. आणि सापडलाच तर तो शिलाई मशीनच्या खणात, गुंडाळी सुटलेला, पहिले दोन-तीन आकडे पुसून गेलेला असा सापडेल. फराळाच्या ताटाशी बसून वाचावयाचा हा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. तथापि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लाकडी फर्निचरचे छोटेसे वर्कशॉप चालवताना, आणि नाशिकभर लोकांच्या घरी कपाटे व ओट्याखालची खणे बसवीत हिंडताना, माझी इतकी वर्षे या एका वस्तूच्या सहवासात गेली आहेत, की तिच्याविषयी काही प्रश्न मनात साठून राहिले आहेत. वरवर पाहता ते टेपाविषयीच आहेत.

आमच्याकडे निफाड तालुक्यातले एक वयस्क मिस्त्री आहेत. रंधा, करवत, पटाशी, गुण्या ही त्यांची हत्यारे कोणीही मागावी आणि त्यांनी द्यावी. पटाशीची धार बिघडली तर थोडे कुरकुरतील, एवढेच. टेप मात्र ते कोणाला देत नाहीत. मी मालक म्हणून हात पुढे केला तरी ते म्हणतात, ‘‘भाऊ, काय मोजायचंय ते सांगा, मी मोजून देतो.’’ नवा टेप घेण्याची वेळ आली की ते दुकानात अर्धा तास मोडतात. दुकानदाराने लुधियानाच्या फ्रीमन्सचे चार टेप समोर टाकावेत आणि मिस्त्रींनी चारही काढून, शेजारी शेजारी फळीवर लांबवून पाहावेत. तीन मीटरचा टेप त्यांना चालत नाही, कारण दहा फुटी खोलीत तो अवघे पाच सेंटिमीटर कमी पडतो. आणि सबंध दिवसाच्या कामात हे पाच सेंटिमीटर माणसाला जितके छळतात तितके पाच मीटरही छळत नाहीत. आठ मीटरचा कमरेला जड होतो. म्हणून पाच मीटरचा. पाते एकोणीस मिलिमीटर रुंद. पंचवीसचे हवेत जास्त लांब ताठ उभे राहते हे खरे, पण कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात ते वळत नाही. पाते उन्हात चकाकणारे नको, मळकट पिवळे हवे. कुलूप अंगठ्याला लागावे, पण आपोआप लागू नये. आणि एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिलिमीटर असे दोन्ही हवे.

हे शेवटचे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आमचा धंदा दोन राज्यांच्या सीमेवर चालतो. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. तरी आजही प्लाय येते ते आठ बाय चार फुटांचे आणि अठरा मिलिमीटर जाडीचे! लांबी-रुंदी एका राज्यातली, जाडी दुसऱ्या. सळई कागदावर दहा मिलिमीटरची असते आणि साइटवर तीन सुती. फ्लॅटच्या करारात चौरस मीटर छापलेले असतात, पण सासरेबुवा जावयाला विचारतात ते ‘किती स्क्वेअर फूट?’ असेच. आणि तसू हे माप तर व्यवहारातून केव्हाच गेले. बोलण्यात मात्र माणसे अजून तसूभरही मागे हटत नाहीत. गेलेली मापे भाषेत अशी मुक्कामाला राहतात, याची मला गंमत वाटते.

पाते ताठ उभे राहते त्याचे कारण ते पन्हळीसारखे किंचित खोलगट असते. स्प्रिंगने आपोआप गुंडाळला जाणारा टेप अमेरिकेत १८६८ मध्ये पेटंट झाला, आणि हे खोलगट पाते १९२२ मध्ये. त्याआधी एकट्या माणसाला भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजता येत नसे; दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागेच. खोलगट पात्याने सुताराला एकटे काम करता येऊ लागले. आता हा लाभ की तोटा, ते माणसाच्या स्वभावावर आहे.

मिस्त्रींचा टेपाविषयीचा मुख्य नियम असा : एका कामाला एकच टेप. कपाटाचे माप ज्या टेपाने घेतले त्याच टेपाने फळी कापायची. साइटवर एक आणि वर्कशॉपमध्ये दुसरा असे करायचे नाही. यात शास्त्र आहे. चांगल्या टेपाच्या पात्यावर लंबगोलात रोमन दोनचा आकडा छापलेला असतो; म्हणजे तो दुसऱ्या वर्गाचा टेप. पाच मीटरच्या अशा टेपाला एक पूर्णांक तीन दशांश मिलिमीटरपर्यंत इकडे किंवा तिकडे चुकण्याची मुभा असते. दोन टेप विरुद्ध बाजूंना तेवढे तेवढे चुकले, तर दोघेही कायद्याने निर्दोष आणि त्यांच्यातले अंतर अडीच मिलिमीटरहून अधिक. शिवाय ही मापे वीस अंश उष्णतेला धरून केलेली. वैशाखात नाशिकच्या गच्चीवर टेप चाळीस अंशांना पोहोचला, तर पाच मीटर पोलाद मिलिमीटरभर लांबते. पण टेप एकच असला तर तो जितका चुकेल तितका दोन्ही वेळा चुकेल, आणि फळी आपल्या जागी नीट बसेल. मिस्त्री म्हणतात, ‘‘टेप खोटा असला तरी चालंल भाऊ, पण दोन ठिकाणी दोन बोलणारा नको.’’

हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा मला ते फार आवडले होते. नीतीच्या पुस्तकात शोभेल असे ते वाटले. आपल्यापाशी जे काही माप आहे ते सर्वांना सारखे लावावे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे असे करू नये. माप थोडे चुकीचे का असेना, ते एकच असावे. आपल्यापैकी पुष्कळ सज्जन माणसे याच तत्त्वावर आयुष्य काढतात. सुनेला लावलेला नियम त्यांनी लेकीलाही लावलेला असतो, आणि त्यामुळे आपण न्यायी आहोत याविषयी त्यांच्या मनात शंका नसते.

परंतु हा नियम एकट्या माणसाचा आहे. मिस्त्रींनी स्वतः मोजावे आणि स्वतः कापावे, तोवर तो निर्वेध चालतो. माप त्यांनी फोनवरून सांगितले आणि सातपूरला दुसऱ्या कारागिराने आपल्या टेपाने कापले, की लगेच दोघांच्या वर कोणीतरी तिसरा लागतो. ‘पाच हात’ म्हटले की ‘कोणाचे हात?’ हा प्रश्न येतोच. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात आणि पाच मुठींची ठरवून दिली, त्याचे मर्म हेच. हात कुळकर्ण्याचाही नाही आणि रयतेचाही नाही, तो काठीचा. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर नवा मीटर ठरला, तेव्हा १७९६–९७ च्या सुमारास पॅरिसच्या रस्त्यांवर संगमरवरी मीटर भिंतींत बसवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपली पट्टी त्याला लावून पाहावी. त्यातला एक व्होजिरार रस्त्यावर छत्तीस क्रमांकाच्या घरापाशी अजून मूळ जागी आहे.

असे सर्वांचे माप नाशिकलाही आहे, आणि त्याला पॅरिसच्या मापाहून जास्त माणसे रोज पाहतात. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती! पूर आला की नाशिककर घनमीटरांत किंवा क्यूसेक्समध्ये बोलत नाहीत. ‘मारुतीच्या गुडघ्याला लागले’, ‘कमरेला लागले’, ‘गळ्याशी आले’ असे निरोप घरोघर जातात. २००८ मध्ये आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला, तेव्हा आणखी काही सांगण्याची गरजच उरली नाही. त्याच्याहून वरची खूण म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा. या मापात मिलिमीटर नाहीत; पण ते कोणाच्या खिशात मावत नाही आणि ते कोणी आपल्यापाशी दडवून ठेवू शकत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टेपाच्या टोकाला पत्र्याचा एक आकडा असतो. कोणी त्याला हुक म्हणतात. मिस्त्री आकडाच म्हणतात. कोणताही टेप हातात घेऊन हा आकडा हलवून पाहा. तो सैल लागेल. दोन-तीन रिव्हिटांवर तो मागेपुढे सरकत असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते, की टेप खराब निघाला.

दोन वर्षांमागे आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाला असेच वाटले. मुलगा हुशार आणि कामाचा उत्साही. मिस्त्रींनी त्याला पहिल्या पगारातून स्वतःचा टेप घ्यायला लावले होते. त्याने आकडा डुगडुगताना पाहिला, आणि कोणाला न विचारता ऐरणीवर धरून रिव्हिट ठोकून घट्ट करून टाकले. मग इंदिरानगरच्या एका घरी त्याने पुस्तकांच्या कपाटाचे आतले माप घेतले, आणि वर्कशॉपमध्ये येऊन त्याच टेपाने चौदा फळ्या आखल्या. नियम त्याने पुरता पाळला होता. टेप एकच, हात एकच. तरी चौदाच्या चौदा फळ्या मिलिमीटरभर तोकड्या निघाल्या, आणि पिनांवर डुगडुगू लागल्या.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी मुलाला जवळ बसवले, आणि आपला टेप काढून कपाटाच्या आत भिंतीला टेकवला. ‘‘बघ, आतलं माप घेताना आकडा दाबला जातो. बाहेरची कड भिंतीला लागती. तिथून मोजायचं.’’ मग टेप फळीच्या कडेला अडकवून ओढला. ‘‘आता आकडा ओढला जातो. आतली कड फळीला लागती. तिथून मोजायचं. मधला फरक कशाचा? आकड्याच्या पत्र्याचा. जेवढा पत्रा जाड, तेवढाच आकडा सैल. तू घट्ट केलास, म्हणजे पत्र्याची जाडी एकदा मोजलीस अन् एकदा विसरलास.’’

मी तिथेच उभा होतो. ‘एका कामाला एकच टेप’ या नियमाला कोठे तडा जातो ते मला तेव्हा दिसले. माप घेणाऱ्या वस्तूलाही अंग असते, जाडी असते. आत शिरून मोजताना ती जाडी एका बाजूला पडते, बाहेरून अडकून मोजताना दुसऱ्या बाजूला. टेप एकच ठेवल्याने ही चूक भरून निघत नाही. ती भरून निघायची तर टेपाने स्वतःची जाडी स्वतःच हिशेबात धरली पाहिजे, आणि त्यासाठी टोकाशी तेवढेच सैल राहिले पाहिजे. सुनेचा आणि लेकीचा नियम एकच ठेवणाऱ्या त्या सज्जन गृहस्थाचे काय चुकते, ते मला या पत्र्याच्या तुकड्याने सांगितले. लेकीला तो आतून मोजतो, सुनेला बाहेरून. पट्टी तीच असते. मधे त्याची स्वतःची जाडी येते, आणि ती त्याने घट्ट ठोकून टाकलेली असते.

मीटरच्या जन्मकथेतही असा एक घट्ट ठोकलेला आकडा आहे. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यांश म्हणजे मीटर, असे फ्रान्समध्ये १७९१ साली ठरले. ते अंतर काढण्यासाठी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा पट्टा मोजण्याचे काम देलांब्र आणि मेशँ या दोन ज्योतिषशास्त्रज्ञांवर सोपवले. १७९२ मध्ये ते निघाले. काम संपायला सहा-सात वर्षे लागली. मधे युद्ध होते, हेर समजून लोक अडवीत होते. मेशँने बार्सिलोनाला दोन ठिकाणांहून ताऱ्यांचे वेध घेतले, आणि दोन्हींचा मेळ बसेना. फरक सुमारे तीन विकलांचा. एका अंशाच्या छत्तीसशे भागांतले तीन. हा फरक त्याने कोणाला सांगितला नाही. नोंदी दडवल्या, आकडे सारखे केले, आणि आपण सगळ्या जगाला फसवले या भावनेने उरलेले आयुष्य झुरत काढले. ते वेध पुन्हा घ्यावेत, पट्टा आणखी दक्षिणेला न्यावा, म्हणून तो परत स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तेथेच तापाने वारला. त्याचे कागद देलांब्रच्या हाती आले तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला.

यातली दुःखाची गोष्ट अशी, की फरकाचे मूळ उपकरणाच्याच अंगात असावे, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. मेशँचा हात चोख होता. आणि मीटर दोन दशांश मिलिमीटर तोकडा राहिला तो मुख्यतः पृथ्वीच्या आकाराविषयी त्या काळच्या समजुती अपुऱ्या होत्या म्हणून. उपकरणालाही जाडी असते, एवढे त्याने मनाशी मानले असते तर बिचारा सुखाने जगला असता. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. त्याला आता ना पृथ्वीची गरज, ना मेशँची. पण आपल्या हातातल्या प्रत्येक टेपाची लांबी मूळ त्या तोकड्या मीटरचीच आहे.

फळी तोकडी पडली तर दुसरी कापता येते. टेपाने माणसाची मजुरी मोजायची असते तेव्हा गोष्ट वेगळी होते. साइटवर बिलाचे माप घेतात ते तुम्ही पाहिले नसेल. तीन माणसे लागतात. एक शून्याचे टोक भिंतीला धरून ठेवतो, दुसरा पाते ताणून आकडा वाचतो आणि तिसरा वहीत लिहितो. शून्याचे टोक बहुधा ज्याचे काम मोजायचे त्या गवंड्याच्या किंवा त्याच्या पोराच्या हातात असते. आकड्याचे टोक पैसे देणाऱ्याच्या माणसाच्या हातात. लांब मापाला जुना कापडी टेप असेल, तर तो वर्षानुवर्षांच्या ओढीने लांबलेला असतो. लांबलेला टेप भिंत कमी दाखवतो. यात कोणी लबाडी केलेली नसते. टेप आपला तसा असतो.

एका इमारतीत आमची कपाटे बसत असताना शेजारच्या मजल्यावर गिलाव्याचे माप चालले होते. सुपरवायझर न्हाणीघराच्या प्रत्येक लहान खिडकीचे क्षेत्रफळ वजा करीत होता. गवंडी काहीतरी पुटपुटला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘जिथं भोक आहे तिथं प्लास्टर कुठं आहे?’’ या प्रश्नाला उत्तर नाही असे वाटते. भोकावर कोणी गिलावा करीत नाही, मग त्याचे पैसे कशाचे? आकडा अगदी घट्ट.

आता सरकारी कामांना जी भारतीय मानकाची मोजणीपद्धत लावतात ती काय सांगते ते पाहा. गिलावा मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे उघडे भाग वजा करायचे नाहीत. साठ बाय पंच्याहत्तर सेंटिमीटरची खिडकी म्हणजे पंचेचाळीस शतांश चौरस मीटर. ती वजा होत नाही. कारण उघडे आहे. त्या खिडकीच्या चारी बाजूंना भिंतीच्या जाडीत गिलावा करावा लागतो, कडा सरळ काढाव्या लागतात, ओळंबा लावावा लागतो, आणि त्या कडांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. सपाट भिंतीवर थापी फिरवणे त्याहून सोपे. भोकाचे पैसे म्हणजे कडांचे पैसे. असल्या चोवीस खिडक्या वजा केल्या तर जवळजवळ अकरा चौरस मीटर जातात, म्हणजे एका गवंड्याच्या एका दिवसाच्या आसपासची मजुरी. खाजगी कामात करारात लिहिले असेल ते खरे. आणि गवंड्याच्या करारात काय लिहिले आहे ते गवंड्याने बहुधा वाचलेले नसते.

मला या नियमाचे फार कौतुक वाटते. नियमाच्या रुक्ष पुस्तकात कोणा मोजणीदाराने अर्ध्या चौरस मीटरचा सैल आकडा बसवून ठेवला आहे. ही दया नव्हे. उपकार म्हणून जास्त मोजलेले नाही. कामाची जी बाजू टेपाला दिसत नाही, ती तेवढ्यापुरती हिशेबात आणली आहे.

पांडवलेण्यांना नाशिककर सहलीला जातात, पायऱ्या मोजतात, वर जाऊन धापा टाकतात आणि भेळ खायला उतरतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत दोन शिलालेख आहेत. पुढल्या खेपेला ते डोळ्यांखालून घालावेत. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी या डोंगरावरच्या भिक्षूंना काखडी नावाच्या गावात दोनशे निवर्तने जमीन दिली. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. आकडा अक्षरांतही कोरला आहे आणि अंकांतही. आपण चेकवर लिहितो तसा. दान पुरे झाले, माप चोख झाले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, पुन्हा एक आज्ञा निघाली, आणि या खेपेला राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. त्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे : आम्ही दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्तीही उरलेली नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या आमच्या जमिनीतली शंभर निवर्तने या भिक्षूंना द्यावीत.

दोनशेच्या जागी शंभर! घट्ट आकड्याने मोजणारा म्हणेल, की राजाने निम्मे परत घेतले. पण ओसाड गावातली दोनशे निवर्तने भिक्षूंच्या पोटात जात नव्हती. राजाला असे म्हणता आले असते, की आम्ही दिले ते दिले, कोरून दिले, आता शेत कसत नाही हा आमचा दोष नव्हे. कायद्याने ते बिनचूक झाले असते. त्याऐवजी आपले दान पोहोचले नाही हे त्याने दगडावर कोरून घेतले. मला त्या लेखात राजमातेचे नाव येते तेही उगीच वाटत नाही. पण तो माझा तर्क आहे, तो इतिहास म्हणून कोणी घेऊ नये.

येथे कोणी जाणता वाचक म्हणेल, की हे सैलपणाचे स्तोत्र पुरे झाले. सैल मापाने देशाचे किती नुकसान झाले आहे ते पाहा. आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळू इच्छीत नाही. सैलपणाचे निरनिराळे प्रकार असतात. आमच्या लहानपणी दिवाळीचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवून घेत. शिंप्याने टेप लावावा, आणि आईने मागून म्हणावे, ‘‘दोन इंच जास्तच ठेवा हो.’’ त्या दिवाळीला बाह्या बोटांवर येत, पुढल्या दिवाळीला मनगटावर. आणि ज्या एका दिवशी सदरा बरोबर बसे तो दिवस कोणाच्या लक्षात येत नसे. हा सैलपणा मायेचा, अंदाजाचा. टेपाच्या आकड्याचा सैलपणा असा नाही. तो पत्र्याच्या जाडीइतकाच असतो, केसभर जास्त नाही. रिव्हिटांची भोके झिजून आकडा त्याहून जास्त हलू लागला, की टेप खोटा झाला. मिस्त्री महिन्या-दोन महिन्यांनी आपला टेप पोलादी पट्टीला लावून पाहतात. एकदा आकड्यापासून आणि एकदा दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून. दोन्हींत फरक पडला की तो टेप साइटवरून उतरतो, आणि घरात पडदे मोजायला जातो. जो अधिकारी आपल्या माणसाला पाहून नियम सैल करतो, त्याच्या आकड्याची भोके झिजलेली आहेत, एवढेच. त्यासाठी आकडा ठोकून घट्ट करणे हा उपाय नव्हे. ते आमच्या त्या मुलाने करून पाहिले आहे.

मात्र माणसाची जाडी पत्र्यासारखी मोजता येत नाही, ही अडचण राहतेच. मला ती दर महिन्याला जाणवते. आमच्या पॉलिशवाल्याचे बिल फुटावर असते. पैसे मी देतो, टेप माझा, आणि आकड्याचे टोकही माझ्याच हातात. गिलाव्याचा तो प्रकार पाहिल्यापासून मी क्रम बदलला. शून्याचे टोक मी धरावे आणि आकडा त्याने वाचावा. त्याला ते प्रथम अवघड वाटले. ‘‘तुम्हीच वाचा ना भाऊ,’’ तो म्हणत राहिला. हे तो विश्वासाने म्हणत होता की पुढचे काम जाऊ नये म्हणून, ते मला कळले नाही. शेवटी त्याने खिशातून चष्मा काढला, पाते उजेडाकडे वळवले आणि मोठ्याने सांगितले, ‘‘चार फूट सात.’’

कपाट आमच्याच वर्कशॉपचे होते. त्याची रुंदी चार फूट साडेसात इंच आहे हे मला पाठ होते. मी म्हटले, ‘‘नीट बघ, साडेसात असेल.’’ त्याने न बघताच टेप सोडला. पाते सळसळत माझ्या हाताकडे आले. ‘‘असू द्या भाऊ, अर्ध्या इंचानं काय होतं,’’ म्हणत तो पुढच्या कपाटाकडे वळला होता. मी वहीत साडेसात लिहिले.